टंचाईच्या काळातील साठेबाजी आणि चढे भाव : कोकणातील ग्राहकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणातला बाजार घाटावर अवलंबून आहे. चिपळूणची भाजी कुंभार्ली घाटाने उतरते, रत्नागिरीची आंबा घाटाने, तर सावंतवाडीकडे बेळगावचा माल आंबोलीतून येतो. साथ असो, दरड असो की वादळ, गाड्या दोन दिवस थांबल्या की दुकानातल्या फळ्या रिकाम्या दिसू लागतात आणि भाव चढतात. त्या चढीत खऱ्या टंचाईचा भाग किती आणि संधी साधून केलेल्या लुटीचा किती, हे मात्र गिऱ्हाइकाला उमगत नाही. कोरोनाच्या दोन वर्षांत रत्नागिरी जिल्ह्यात ग्राहक मार्गदर्शनाचे काम करताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर आले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, बेगमी करणे म्हणजे साठेबाजी का?

नाही. मृग लागण्यापूर्वी तांदूळ, डाळी, मसाला, सुके बोंबील, सुकट, आमसुले आणि लाकूडफाटा भरून ठेवणे ही कोकणातल्या घराची रीत आहे. घरात खाण्यासाठी भरलेल्या पिंपाला कायदा हात लावत नाही. साठेबाजीचा प्रश्न उद्भवतो तो विक्रीसाठी असलेला माल भाव चढावा म्हणून दडवून ठेवला जातो तेव्हा.

तरीही एक गोष्ट मान्य करायला हवी. आगोटीची खरेदी वैशाखभर चालते, बाजाराला ती ठाऊक असते आणि व्यापारी त्या हिशेबाने माल मागवतात. २४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाल्यावर मात्र महिन्याभराची खरेदी एका रात्रीत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उरकण्याची धडपड झाली. अशी खरेदी गुन्ह्यात मोडत नाही, पण रांगेत शेवटी उभ्या असलेल्या, रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला त्या दिवशी तेल मिळाले नाही, हेही तितकेच खरे. आमच्याच घरी तेव्हा पाच किलो साखर जास्तीची आली होती. मे महिन्यात डबा उघडला तर तिला मुंग्या लागलेल्या होत्या.

मग कायद्याने साठेबाजी केव्हा ठरते?

यासाठी मूळ कायदा आहे तो अत्यावश्यक वस्तू अधिनियम, १९५५. त्याच्या अनुसूचीत औषधे, खते, खाद्यतेलासह अन्नपदार्थ, पेट्रोलियम पदार्थ, बियाणे अशा मोजक्या गोष्टी आहेत. अनेकांचा समज असा असतो की या यादीतली वस्तू गोदामात भरपूर दिसली की गुन्हा झाला. तसे नाही. यादीत नाव असल्यामुळे सरकारला त्या वस्तूच्या साठ्यावर, भावावर आणि वाटपावर आदेश काढण्याचा अधिकार मिळतो. आदेश निघाल्यानंतर तो मोडला तर गुन्हा होतो. उदाहरणार्थ, २ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने मूग वगळून इतर डाळींच्या साठ्यावर मर्यादा घातली आणि किरकोळ विक्रेत्यासाठी ती ५ टन ठेवली. त्या मुदतीत सहा टन तूरडाळ सापडलेला किरकोळ दुकानदार दोषी ठरू शकत होता. मर्यादा लागू नसताना त्याच दुकानदाराकडचा तेवढाच माल हा केवळ व्यापार असतो.

म्हणून तक्रार करण्यापूर्वी पहिला प्रश्न हाच विचारावा, की आज या वस्तूवर कोणता आदेश लागू आहे. तहसील कार्यालयातील पुरवठा शाखेत हे विचारता येते.

मास्क आणि सॅनिटायझर आजही अत्यावश्यक वस्तू आहेत का?

नाहीत. १३ मार्च २०२० रोजी दोन आणि तीन पदरी मास्क, एन-९५ मास्क आणि सॅनिटायझर यांचा अनुसूचीत समावेश झाला, तोही ३० जून २०२० पर्यंतच. २१ मार्चला भाव ठरले : दोन पदरी मास्क ८ रुपये, तीन पदरी १० रुपये आणि सॅनिटायझरची २०० मिलिलिटरची बाटली १०० रुपये. मुदत संपल्यावर ती वाढवली गेली नाही. पुढे ऑक्टोबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने स्वतंत्रपणे मास्कचे दर बांधले; त्यात दोन आणि तीन पदरी मास्क ३ ते ४ रुपयांना, तर एन-९५ प्रकारचे मास्क १९ ते ४९ रुपयांना विकायचे होते. मार्चमध्ये जो मास्क १० रुपयांना स्वस्त वाटत होता, तो सहा-सात महिन्यांत ४ रुपयांवर आला, यावरून सुरुवातीच्या दिवसांत नफा किती होता याची कल्पना यावी.

पुढची साथ कशाची असेल कोण जाणे, पण पद्धत हीच राहील. केंद्र सरकार अधिसूचनेने एखादी वस्तू अनुसूचीत घालू शकते, एका वेळी सहा महिन्यांपेक्षा जास्त नाही, आणि जनहितासाठी ती मुदत वाढवू शकते.

दुकानदार म्हणतो, “घाटातून गाडी आणायला भाडे जास्त पडते, म्हणून छापील किमतीवर पाच रुपये.” हे चालते का?

पाकीटबंद वस्तूवर चालत नाही. वेष्टनावर छापलेली कमाल किरकोळ किंमत सर्व करांसह असते आणि वाहतुकीच्या खर्चासाठी त्यावर एक पैसाही चढवता येत नाही. वजन-मापांचा कायदा म्हणजे वैधमापन अधिनियम, २००९ आणि त्याखालील २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांत हे स्पष्ट आहे. गाडी करूळ घाटात दोन रात्री अडकली असली, तरी बिस्किटाच्या पुड्याची किंमत बदलत नाही. दूध थंड ठेवण्याचे जादा पैसेही याच कारणाने बेकायदेशीर ठरतात.

छापील किमतीवर दुसरी किंमत चिकटवणे हा याच लबाडीचा पुढचा प्रकार. एप्रिल २०२० मध्ये एका तालुक्याच्या गावी मी स्वतः सॅनिटायझरची १०० मिलिलिटरची बाटली १४० रुपयांना घेतली. घरी आल्यावर हात ओला होता, त्या ओलाव्याने पांढऱ्या चिठ्ठीचा कोपरा सुटला आणि खाली ५० हा आकडा दिसला. चिठ्ठी तशीच अर्धवट सोडून मी बाटलीचा फोटो काढला. पण बिल घेतलेले नव्हते, त्यामुळे ती बाटली कोणत्या दुकानातली हे माझ्या शब्दाखेरीज कशानेही सिद्ध होत नव्हते. तक्रार पुढे सरकली नाही. छापील किंमत खोडणे, पुसणे किंवा झाकणे नियमाने मना आहे. उत्पादकाला किंमत कमी करायची असेल तर तशी चिठ्ठी लावता येते, मात्र तिनेही मूळ आकडा झाकता कामा नये.

छापील किंमतच अवाच्या सवा असेल तर?

खरी मेख इथे आहे, आणि माझ्या मते साथीच्या काळातील सर्वांत मोठी लूट छापील किमतीच्या आतच झाली. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर उत्पादक किंवा आयातदार हवी तेवढी किंमत छापत. दुकानदार त्या आकड्यावर ‘सूट’ देऊन विकत असे. गिऱ्हाईक सवलत मिळाली म्हणून समाधानाने घरी जाई आणि कायद्याचा कोणताही नियम मोडलेला नसे. २०२१ च्या जून महिन्यात राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवरील व्यापारी नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली, आणि जुलैत तीच मर्यादा ऑक्सिमीटर, रक्तदाबमापक, नेब्युलायझर, डिजिटल तापमापी आणि ग्लुकोमीटर यांना लावली. दुसरी लाट ओसरू लागल्यावर हे घडले, हे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

अशा वस्तूबाबत वैयक्तिक तक्रारीने फारसे साधत नाही. दोन-तीन दुकानांत भाव विचारणे आणि छापील किमतीवरच्या सवलतीला न भुलणे, एवढेच ग्राहकाच्या हाती उरते.

भाजी, मासळी, नारळ, सुटे धान्य यांचे काय?

सुट्या मालाला छापील किंमत नसते, आणि सरकारने भाव ठरवून दिला नसेल तर विक्रेता मागेल तो भाव हा कायद्याने गुन्हा होत नाही. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात खाडीची मासळी महागते, तेव्हा कोणी कोळिणीला नफेखोर म्हणत नाही. टाळेबंदीत कांदा-बटाटा महागला तेव्हाही त्यात परवाने, रिकामी परतणारी गाडी आणि नासणारा माल यांचा खर्च होता.

तरी दोन बाबतींत सुटा विक्रेताही कायद्याच्या कक्षेत येतो. वजनात मारले, किंवा पडताळणी न झालेला काटा वापरला, तर ती वैधमापन विभागाची बाब आहे. आणि गावातल्या सर्व व्यापाऱ्यांनी एकत्र बसून एकच चढा भाव ठरवला, तर तो स्पर्धा अधिनियम, २००२ चा भंग ठरू शकतो. मात्र ते सिद्ध करणे एकट्यादुकट्याच्या आवाक्यातले नाही.

“साखर हवी असेल तर चहापावडरही घ्यावी लागेल,” अशी अट घालता येते का?

येत नाही. एक वस्तू देण्यासाठी दुसरी गळ्यात मारणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार प्रतिबंधक व्यापारी प्रथा आहे.

औषध दुकानात असूनही विक्रेता “संपले” म्हणतो, अशी शंका आहे. काय करावे?

औषधे ही सदैव अनुसूचीत असलेली वस्तू आहे, त्यामुळे येथे ग्राहकाची बाजू किराण्यापेक्षा भक्कम असते. औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ नुसार विक्रेत्याला योग्य कारणाशिवाय औषध विकण्यास नकार देता येत नाही किंवा ते दडवून ठेवता येत नाही. छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि पट्टीतून चार गोळ्या कापून दिल्या तर त्या चार गोळ्यांच्या प्रमाणातच पैसे घ्यायचे असतात. डॉक्टरांच्या वैध चिठ्ठीविना औषध न देणे हे मात्र योग्य कारण आहे. त्यावर चिडू नये.

चिठ्ठीवर नाव, तारीख आणि मात्रा नीट असल्याची खात्री करून घ्यावी, विक्रेत्याने नकार दिल्यास वेळ लिहून ठेवावी आणि अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या क्रमांकावर कळवावे. औषध निरीक्षक खरेदी-विक्रीची बिले आणि प्रत्यक्ष साठा यांचा ताळा घेऊ शकतो. औषध प्रत्येक बॅचनिशी नोंदले जात असल्यामुळे तिथे लपवालपवी करणे किराणा दुकानापेक्षा अवघड असते.

रेमडेसिव्हिरचा एवढा काळाबाजार का झाला? आणि नाइलाजाने असे औषध घेणारा दोषी ठरतो का?

एप्रिल २०२१ मध्ये रुग्ण एकाएकी वाढले आणि उत्पादन त्या वेगाने वाढवता आले नाही. सरकारने ११ एप्रिलला निर्यात थांबवली आणि १७ एप्रिलच्या सुमारास उत्पादकांनी किमती उतरवल्या. जी कुपी आधी ५४०० रुपयांपर्यंत मिळे, तिची किंमत कंपनीनुसार ८९९ ते ३४९० रुपये झाली. पण किंमत उतरल्याने कुपी मिळू लागली असे झाले नाही. वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत रुग्णालयांना होऊ लागले, आणि जिथे वस्तू रांगेशिवाय मिळत नाही तिथे रांग चुकवून देणारा माणूस उभा राहतोच. वापरलेल्या कुप्यांत भलतेच द्रव भरून विकल्याची प्रकरणेही देशात उघडकीस आली.

याहून क्लेशदायक बाब अशी, की जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच रुग्णालयात दाखल रुग्णांना हे औषध देऊ नये अशी सशर्त शिफारस केली होती. तरीही चिठ्ठीवर त्याचे नाव येत राहिले, आणि मुंबईहून रात्रीची गाडी करून कुपी घेऊन येणारे मुलगे आम्ही पाहिले.

कायद्याचा रोख विकणाऱ्यावर असतो. घेणाऱ्याने पैसे कसे दिले, कोणाला दिले, कोणत्या क्रमांकावरून बोलणे झाले हे पोलिसांना सांगितले तर तोच महत्त्वाचा साक्षीदार ठरतो. रिकामी कुपी, तिचे वेष्टन आणि त्यावरचा बॅच क्रमांक टाकून देऊ नये.

खासगी रुग्णालयाच्या बिलावर मर्यादा असते का?

एरवी नाही, साथीच्या काळात होती. २१ मे २०२० च्या अधिसूचनेने राज्यात खासगी रुग्णालयांच्या ८० टक्के खाटांचे दर ठरवले गेले : सर्वसाधारण विलगीकरण कक्ष दिवसाला ४००० रुपये, अतिदक्षता कक्ष ७५०० रुपये आणि कृत्रिम श्वसनयंत्रासह ९००० रुपये. बिलांच्या तपासणीसाठी लेखापरीक्षक नेमले गेले. यातला धडा एवढाच की एकूण रकमेच्या बिलावर सही करू नये. खाट, औषधे, हातमोजे, संरक्षक पोशाख, तपासण्या असे सुटे बिल मागून घ्यावे, कारण दर ठरलेला असतो तेव्हा जादा पैसे बहुधा ‘इतर साहित्य’ या ओळीत शिरतात.

रुग्णवाहिकेसाठी आधी १०८ क्रमांक लावावा. ती सेवा मोफत आहे.

रेशन दुकानात धान्य कमी मिळते. ही साठेबाजी की आणखी काही?

हा अपहार, आणि तो साठेबाजीहून गंभीर. १ जानेवारी २०२३ पासून अंत्योदय व प्राधान्य कुटुंबांना धान्य मोफत आहे. प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. अंगठा लावल्यावर यंत्रातून निघणारी पावती मागून घ्यावी आणि तिच्यावरचे वजन पिशवीतल्या वजनाशी ताडून पाहावे. तक्रारीसाठी १९६७ आणि १८००-२२-४९५० हे क्रमांक आहेत.

निसर्ग चक्रीवादळानंतर पत्रे आणि कौले महाग झाली, तेव्हा हा कायदा का लागला नाही?

३ जून २०२० रोजी श्रीवर्धनजवळ वादळ जमिनीवर आले आणि रायगड जिल्ह्यासह दापोली-मंडणगडातील हजारो घरांची छपरे उडाली. साथ चालू, वीज नाही, पाऊस तोंडावर, आणि पत्रे मिळेनात. पत्रे, कौले, मेणबत्त्या या वस्तू अनुसूचीत नाहीत, म्हणून अत्यावश्यक वस्तू अधिनियम तिथे थिटा पडला. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ खाली जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि त्या अधिकारात आदेश काढू शकतात. तसा आदेश मोडल्यास कारवाई होते, पण आदेश मागावा लागतो. त्या वेळी आपण ग्राहक मंडळींनी तो वेळेवर आणि लेखी मागितला नाही, असे मला आजही वाटते.

शिक्षा काय होते?

अत्यावश्यक वस्तू अधिनियमाखालील आदेशाचा भंग केल्यास सर्वसाधारणपणे ३ महिने ते ७ वर्षे कैद आणि दंड होऊ शकतो. गुन्हा दखलपात्र आहे. पकडलेला माल जिल्हाधिकारी सरकारजमा करू शकतात. सराईत काळाबाजारवाल्याला १९८० च्या काळाबाजार प्रतिबंधक कायद्याखाली ६ महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करता येते. याखेरीज १८९७ चा साथरोग कायदा आहेच, जो मुंबईतील १८९६ च्या प्लेगमुळे जन्माला आला.

दुकानदार बिल देत नाही. मग पुरावा कसला?

मागितलेले बिल न देणे हीच २०१९ च्या ग्राहक कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. तरी प्रत्यक्षात वाडीवरच्या दुकानात बिलाचे पुस्तकच नसते. अशा वेळी मोबाइलवरून पैसे द्यावेत. त्यात तारीख, वेळ, रक्कम आणि घेणाऱ्याचे नाव आपोआप नोंदले जाते. एका वेळी एकच वस्तू घेऊन तिचेच पैसे पाठवावेत, म्हणजे रक्कम आणि वस्तू यांचा मेळ लागतो. वेष्टन जपून ठेवावे. सोबत कोणी असेल तर त्याचे नाव लिहून ठेवावे. वर सांगितलेल्या बाटलीच्या प्रसंगी मी रोख पैसे दिले नसते, तर ती तक्रार टिकली असती.

तक्रार नेमकी कोणाकडे करायची?

छापील किमतीपेक्षा जास्त घेतले किंवा वजनात मारले तर वैधमापन विभाग. औषधाबाबत अन्न व औषध प्रशासन. धान्य, तेल, रॉकेल याबाबत तहसीलदार किंवा जिल्हा पुरवठा अधिकारी. कोणाकडे जावे हे कळत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर मराठीतही सांगता येते. पैसे परत हवे असतील आणि समजुतीने मिळत नसतील, तर अलिबाग, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गनगरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करावा. वस्तूसाठी किंवा सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील लागतोच असेही नाही.

मी स्वतः किराणा दुकानदार आहे. टंचाईत भाव वाढवला की लोक लगेच चोर ठरवतात. मी काय करावे?

ही तक्रारही खरी आहे. सुट्या मालाचा खरेदी भाव वाढला तर विक्री भाव वाढणारच. खरेदीचे बिल आणि वाहतुकीची बिल्टी फाईलला लावून ठेवावी, साठ्याची नोंदवही रोज भरावी, भावफलक दर्शनी लावावा आणि माल कमी असेल तेव्हा माणशी किती मिळेल ते आधीच लिहून टाकावे. उधारीच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून रोखीच्या गिऱ्हाइकाला मागच्या दाराने देण्याचा मोह टाळावा. गावात सर्वाधिक संशय तिथूनच निर्माण होतो.

आमच्या वाडीत एकच दुकान आहे. तक्रार केली तर उद्या उधार कोण देणार?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आणि याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही. एस.टी. बंद, बाजारपेठ बारा किलोमीटर दूर, घरात दोन म्हातारी माणसे आणि महिनाभर वहीवर चालणारा संसार, अशा घराला ‘१९१५ वर फोन करा’ असे सांगणे म्हणजे त्याची थट्टा आहे.

जे उपयोगी पडताना पाहिले तेवढे सांगतो. एकट्याने जाऊ नये. पाच-सहा घरांनी मिळून, शक्यतो दुकानदाराच्या ओळखीतल्या वडीलधाऱ्याला पुढे करून, दुकानातच बसून बोलावे. आरोप न करता खरेदीचे बिल दाखवायला सांगावे. बहुतेक वेळा अर्धा वाद तिथेच मिटतो, कारण भाव खरोखरच वरून वाढलेला असतो किंवा दुकानदाराला आपण पाहिले जात आहोत याची जाणीव होते. जमले नाही तर ग्रामपंचायतीच्या नावाने तहसीलदारांना अर्ज द्यावा, म्हणजे कोणा एका घराचे नाव पुढे येत नाही आणि पुरवठा निरीक्षकाची भेट ही नेहमीची तपासणी ठरते. शिवाय मुंबईत असलेल्या चाकरमान्यांकरवी किंवा बचत गटामार्फत तालुक्याहून एक टेम्पो एकत्र मागवणे अनेक वाड्यांनी केले. टेम्पो आला त्या आठवड्यात वाडीतल्या दुकानाचा भाव आपोआप उतरला. संगमेश्वर तालुक्यातील एका वाडीत तर दुकानदाराने स्वतःहून पाटी लावली. तिच्यावर खडूने तेल, तूरडाळ, साखर यांचे भाव होते आणि खाली ‘पुढची गाडी शुक्रवारी’ एवढेच लिहिलेले होते. त्या दिवसापासून तिथली गर्दी ओसरली.

जुन्या बिलावर आता तक्रार करता येईल का?

ग्राहक आयोगात तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत यावे लागते. उशीर झाला असेल तर त्याचे सबळ कारण अर्जातच लिहावे. ते पटल्यास आयोग विलंब माफ करू शकतो. तोपर्यंत बिलाची छायाप्रत काढून ठेवावी, कारण यंत्रातून निघणाऱ्या पातळ कागदावरची शाई कोकणातल्या दमट हवेत एका पावसाळ्यातच उडून जाते.